गाठ न सोडता

लुगड्याची गाठ न सोडता कमरेत सुई टोचता येते, हे मी एके काळी छाती फुगवून सांगायचे. 'कमरेत' म्हणायची आपली लाजेखातरची पद्धत. सुई बसते कुल्ल्यावर. नवापूरच्या मासळीवाल्या बायका आमच्या दवाखान्यात यायच्या त्या ऐन बाजाराच्या वेळेला. पाटी बाहेर पायरीवर, पाटीत बोंबील नाहीतर कोलंबी, आणि वर ऊन चढत चाललेलं. अंगावर लुगडं, मागे घट्ट खोचलेला काष्टा. ते सोडायचं म्हणजे पुन्हा नेसायला पाव तास, आणि आडोसा कसला, तर एक मळका पडदा, ज्याच्या पलीकडे कंपनीतले पुरुष खोकत बसलेले. म्हणून मी एक युक्ती काढली होती. बाईने खिडकीचे गज धरून उभं राहायचं, मी लुगड्याचा काठ खालून मांडीवरून जाईल तेवढा वर सरकवायचा आणि जेवढी कातडी दिसेल तेवढ्यात टोचायचं. "झालं?" "झालं, जा." की बाई पाटी उचलून बाजारात.

"हात काय हलका हाय पोरीचा," असं त्या एकमेकींना सांगायच्या, आणि मग दुसऱ्या दिवशी आणखी दोघी यायच्या. डॉक्टरांकडे नव्हे हं, माझ्याकडे!

हा दवाखाना बोईसरला, नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माझं माहेर मनोरच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला, सासर उमरोळीला. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बॉयलरवर मदतनीस. मी बारावी पास झालेली, घरी बसून जीव आंबला होता. डॉक्टरांना केसपेपर लिहायला मुलगी हवी होती, म्हणून गेले. पहिल्या महिन्यात केसपेपर, दुसऱ्या महिन्यात मलमपट्टी, आणि तिसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "अगं, गर्दी आवरत नाही मला. सुई शीक." त्यांनी मला मोसंबीवर शिकवलं. अशी धर, तिरकी नको, झटक्यात आत, हळू दाब. दोन दिवसांत मोसंबी झाली आणि तिसऱ्या दिवशी माणूस. मोसंबीला नस नसते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

पांढरा कोट मी स्वतःच शिवून घेतला. सिस्टर हे नाव मला कुणी दिलं नाही, ते आपोआप चिकटलं. "सिस्टर, जल्दी सुई लगा दो, ड्यूटी है," असं कंपनीतले कामगार म्हणायचे, मासळीवाल्या 'शिष्टर' म्हणायच्या. मला दोन्ही आवडायचं. का नाही आवडणार? माझ्या माहेरच्या वाडीत कुणाच्या नावापुढे काही लागत नव्हतं. मी बाजारातून चालले की चार जणी हाक मारायच्या.

त्यातली एक मावशी माझ्या विशेष लाडाची. तेव्हा पन्नाशीची असेल, तोंडाने फाटकी, पण पोटात काही नाही. आली की आधी माझी टिंगल करायची. "काय गं शिष्टर, नवऱ्याला पण सुई टोचते का तू?" म्हणून पुरुषांच्या देखत विचारायची. मी चिडले की आणखी हसायची. दोन माणसांना उचलेना एवढी पाटी घेऊन ती नवापूरहून रिक्षाने यायची आणि नाक्यापासून बाजारापर्यंत ती डोक्यावर घेऊन तरातरा चालायची.

एके दिवशी सकाळी ती आली ती कंबर धरूनच. कमरेत लचक भरली होती. डॉक्टर तारापूरला एका पेशंटच्या घरी गेलेले. असं झालं की मीच द्यायची. दुखण्याला हे, तापाला ते, डॉक्टरांचं ठरलेलं असायचं आणि मला पाठ होतं. मावशी गज धरून उभी राहिली, मी काठ सरकवला, टोचली.

"पायात वीज गेली गं बाय!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेरचे उठून उभे राहिले.

"नाटकं नका करू मावशी, झालं," मी म्हणाले. हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला.

ती लंगडत गेली. औषध जड होतं, थोडं दुखणारच, असं मला वाटलं. दोन दिवसांनी तिची सून तिला धरून घेऊन आली. उजवं पाऊल लोंबत होतं. उचलायला गेली की बोटं जमिनीवर घासायची. नवापुरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, वारं गेलं. थंडीचे दिवस, पहाटे ओल्या वाळूवर उभी राहते, पायातून वारं गेलं. मीही मान हलवली. वारं गेलेली माणसं मी माहेरी पाहिली होती.

डॉक्टरांनी पाऊल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. बोटं वर कर म्हणाले, होईना. गोळ्या लिहून दिल्या, शेक घे म्हणाले. ती गेल्यावर मला हाक मारली. "यापुढे कमरेचं इंजेक्शन झोपवून द्यायचं. पडदा लावून, कपडे सैल करून. उभ्याने नाही."

"त्या सोडत नाहीत लुगडं," मी म्हणाले.

"मग देऊ नकोस."

का, ते सांगितलं नाही. आज वाटतं, त्यांना कळलं होतं. तेव्हा मला वाटलं, मावशीने माझी चहाडी केली. मी दोन दिवस डॉक्टरांशी तोडून बोलले. महिनाभर सगळ्यांना झोपवून दिली, बायका कुरकुर करून परत जायला लागल्या, आणि मग डॉक्टर नसले की मी पुन्हा आपली काठ वर सरकवायला लागले. बापरे, आज अंगावर काटा येतो.

मावशीचं पाऊल सुधारलं नाही. पाटी गेली सुनेच्या डोक्यावर. मावशी बाजारात एका जागी बसून मासळी विकायला लागली. उजव्या पायातली चप्पल निसटायची, म्हणून ती जाळ्याच्या दोऱ्याने घोट्याला बांधायची, आणि त्या चपलेचा पुढचा भाग घासून घासून महिन्या-दीड महिन्यात झिजून जायचा. तिची टिंगल मात्र तशीच. "माझा पाय आता नवरी झाला," म्हणायची, "पाऊल उचलत नाय लाजेनं." मी हसायचे. हसायचे मी!

मग डॉक्टरांचे गुडघे गेले आणि दवाखाना एका तरुण लेडी डॉक्टरने चालवायला घेतला. पहिल्याच दिवशी तिने माझा पांढरा कोट पाहून विचारलं, "ताई, तुमची नोंदणी कुठली?"

"कसली नोंदणी?"

"नर्सिंगची."

मी म्हटलं, मी अकरा वर्षं इथे आहे. ती म्हणाली, ते दिसतंय, पण नोंदणी नसेल तर इंजेक्शन तुम्ही द्यायचं नाही, सलाईन लावायची नाही, कायद्याने ते तुमचं काम नाही. केसपेपर लिहा, वजन करा, पेशंटना सांभाळा, तुमच्याइतकी माणसं ओळखणारं मला दुसरं कुणी मिळणार नाही. आणि हो, तो कोट काढून ठेवा. लोकांचा गैरसमज होतो.

तळपायाची आग मस्तकात गेली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरचे सांगतील. भर दवाखान्यात मी ओरडले, "अकरा वर्षांत माझ्या हातून कुणाचं काही वाईट झालंय का? विचारा की यांना!"

बाकावर मावशी बसली होती. दोरा बांधलेली चप्पल पुढे करून. ती लगेच म्हणाली, "आमाला हिच्याच हातची सुई पायजे. तुमी डाक्टर झाल्या म्हणून काय झालं?" आणि सगळ्या बायका हो हो म्हणाल्या. मला तेव्हा केवढं बळ आलं होतं!

मॅडम चिडल्या नाहीत. बायका गेल्यावर म्हणाल्या, "वाईट झालं नाही, हे तुम्हाला कसं कळणार? पेशंट परत आला नाही की आपण धरून चालतो, बरा झाला."

मी कोट काढून टेबलावर आपटला आणि घरी गेले.

घरी नवऱ्यापुढे तासभर बडबडले. कालची पोरगी, मला शिकवते, कागदाच्या तुकड्यासाठी माझा हात तोडते. तो भात कालवत ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्या बॉयलरचा आवाज बदलला की मला लांबून कळतं. सर्टिफिकेटवाल्याच्या आधी कळतं. पण तो जागेवर नसला तर मी व्हॉल्वला हात लावत नाय."

"का, घाबरता?"

"मी नाय घाबरत. पण बॉयलरला माझा हात हलका की जड, त्याचं काय पडलेलं नाय."

"माणूस म्हणजे बॉयलर आहे का?" मी खेकसले.

"नाय ना," तो म्हणाला. "बॉयलर फुटला तर निदान आवाज तरी होतो." आणि ताक मागितलं. या माणसाशी भांडायची काही सोयच नाही.

चार दिवस मी रुसून घरी बसले. पाचव्या दिवशी मॅडमचा फोन आला. पालघरला नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे, बारावीवर प्रवेश मिळतो, पण वयाची अट आहे. माझं वय त्या अटीच्या अलीकडे जेमतेम उरलं होतं. "तुम्ही फॉर्म भरा," मॅडम म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात या, केसपेपरचं काम आहेच. नोंदणी घेऊन आलात की मी स्वतः तुम्हाला कोट आणून देईन." मी हो म्हणाले ते शिकायच्या हौसेने मुळीच नाही. म्हटलं, आणते तुझा कागद आणि मारते तुझ्या तोंडावर.

वर्गात मी सगळ्यांत मोठी. जव्हार-मोखाड्याकडच्या, डहाणूकडच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी, मला काकू म्हणायच्या. पाठांतराला माझं डोकं चालेना. उमरोळीहून पालघरला जाताना मी पुटपुटत हाडांची नावं घोकायचे, शेजारच्या बाईला वाटायचं, जप करते. पण एका बाबतीत माझी कॉलर ताठ होती. ज्या दिवशी इंजेक्शनचा पाठ होता त्या दिवशी ट्यूटर बाईंनी विचारलं, "कुणी कधी दिलंय?" आणि मी असा हात वर केला की बस.

"या, करून दाखवा."

टेबलावर कमरेपासून खालचा रबरी पुतळा पालथा ठेवला होता. मी सिरिंज भरली, हवा काढली, अगदी झोकात. मग सवयीप्रमाणे पुतळ्याच्या मांडीवरून हात वर सरकवला आणि जिथे नेहमी काठ थांबायचा तिथे टोचली. कुल्ल्याच्या खालच्या अंगाला, मधोमध.

वर्गात कुणाला काही कळलं नाही. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या होत्या. ट्यूटर बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. खडू घेऊन पुतळ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली. एका बाजूचे चार भाग झाले. "सुई फक्त इथे," वरच्या बाहेरच्या चौकोनावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "काकूंनी दिली ती इथे." मग भिंतीवरच्या तक्त्याकडे गेल्या. कातडी काढलेला माणूस, आणि त्याच्या कुल्ल्यातून पायात उतरणारी बोटाएवढी जाड पिवळी नस. "सुई हिच्यात किंवा हिच्याजवळ गेली तर पेशंट काय म्हणेल? पायात वीज चमकली म्हणेल. आणि मग त्याचं पाऊल लुळं पडेल. उचलता येणार नाही, चालताना बोटं घासतील."

मला पुढचं ऐकू आलं नाही. पिवळी नस दिसत होती आणि जाळ्याचा दोरा बांधलेली चप्पल दिसत होती. मी बाहेर गेले आणि नळापाशी ओकले. पोरींना वाटलं, काकूंना दिवस गेले. त्यांनी मला लिंबू आणून दिलं.

नळाजवळच्या कट्ट्यावर बसून मी रडले. ती ओरडली होती. स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं तिने मला काय झालं ते, आणि मी म्हटलं होतं, नाटकं नका करू. तिचा धंदा मी मोडला, तिची चाल मी घेतली, आणि तीच बाई बाकावर बसून माझ्यासाठी भांडली होती. वारं नव्हतं गेलं. मी गेले होते तिच्या पायातून.

पुढच्या सुट्टीला मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, बघा, मी सांगत नव्हते? तसं काही म्हणाल्या नाहीत. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "एवढ्या वर्षांनी नस काही पूर्ववत होणार नाही बहुतेक. पण पावलाला आधार मिळतो, प्लास्टिकचा. पोटरीमागून तळव्याखाली जातो, पाऊल लोंबत नाही. त्या नीट चालू शकतील. आजवर कुणी त्यांना पाठवलंच नाही, कारण सगळे वारं म्हणून मोकळे झाले." आणि पालघरच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. "त्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण चिठ्ठी पोहोचवा."

आता नुसती चिठ्ठी सुनेच्या हातात देऊन येता आलं असतं. सरकारी योजना आहे म्हणून सांगता आलं असतं. पण मावशी कशाला गेली असती? वाऱ्यावर इलाज नाही, हे तिने कधीच मनाशी धरून ठेवलं होतं. खरं सांगितल्याशिवाय ती पालघरची पायरी चढणार नव्हती, आणि खरं सांगितलं तर गावभर होणार होतं. कुणी तक्रार केली तर? नोंदणी अडकली तर? दोन वर्षं, सासूबाईंच्या जिवावर टाकलेलं घर, सगळं पाण्यात. मी परीक्षा होईपर्यंत थांबले. चिठ्ठी पर्समध्ये घेऊन फिरले. तेवढे महिने मावशी आणखी फरफटत चालली, निव्वळ माझ्या भित्रेपणामुळे. हे लिहायची लाज वाटते, पण झालं ते झालं.

शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी नवापूरला गेले. निकाल नव्हता, नोंदणी तर लांबच. आणखी थांबले असते तर पुन्हा गेलेच नसते, मी स्वतःला ओळखते. समुद्राकडेला बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, दोरीवर ओळीने. मावशी खाली बसून एका बोंबलाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून जोड्या करत होती, आणि सून त्या वर टाकत होती.

"आली का मोठी शिष्टर? पास झाली का?"

मी तिच्या समोर वाळूत बसले आणि सांगितलं. सुई कुठे दिली, कुठे द्यायला हवी होती, नस कुठून जाते, सगळं. पालघरला पावलाला आधार मिळतो तेही सांगितलं आणि चिठ्ठी पुढे केली. "वारं नव्हतं मावशी. माझ्यामुळे झालं. मला येत नव्हतं आणि येतं असं वाटत होतं." सून वर केलेला हात तसाच धरून उभी राहिली.

मावशीच्या हातातली जोडी तशीच होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. जोडीकडे बघत म्हणाली, "मी ओरडली होती."

"हो."

"तू म्हणाली, नाटक करते."

"हो, मावशी."

तिने ती जोडी टोपलीत टाकली. "चिठ्ठी ठेव ती. आन् जा आता."

मी पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतला. लुळा पाय हाताने ओढून मागे घेतला. मी उठले आणि आले. रिक्षात ओढणी तोंडात कोंबून रडत होते. तिने चार शिव्या दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

निकाल लागला, पास झाले. कुणी तक्रार केली नाही. नोंदणीचा कागद आला त्या दिवशी मी तो मॅडमच्या तोंडावर मारणार होते ना, तर त्यांच्या टेबलावर ठेवून हात जोडले आणि पुन्हा रडले. इतकी रडूबाई मी आधी नव्हते. मॅडमनी कपाटातून पिशवी काढली. आत कोट होता, नवा, घडी न मोडलेला. म्हणाल्या, "आता कुणाचा गैरसमज होणार नाही." पुढे बोईसरजवळच्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटी जागा निघाली आणि मी तिथे लागले. तिथे डॉक्टर लिहून देतील तेच द्यायचं, दिलं की सही करायची, सहीखाली आपला नोंदणी क्रमांक. ती सही करताना आधी दडपण यायचं. चुकलं तर कुणाकडून चुकलं, ते कायमचं लिहिलेलं राहणार. मग त्याचंच बरं वाटायला लागलं. मावशीच्या केसपेपरवर माझं काहीही नव्हतं. तिला टोचलं कुणी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मावशीची काही खबर नव्हती. बाजारात तिच्या जागेवरून जायची माझी छाती नव्हती. मी लांबच्या रस्त्याने भाजी आणायचे.

आणि एके दिवशी सकाळच्या गर्दीत ती केंद्रात आली. हाताला फडकं गुंडाळलेलं, चेहरा वेदनेने काळाठिक्कर. जाळ्यातून शिंगाळा सोडवताना त्याचा काटा तळहातात घुसला होता. तो मासा दिसायला गरीब, पण त्याच्या काट्याचं दुखणं होडीवरच्या भल्या भल्या तांडेलांना रडवतं. मी आधी तिच्या पायाकडे पाहिलं. चप्पल नव्हती. बूट होते, कापडी, काळे, आणि उजव्या बुटातून पोटरीमागे पांढरं प्लास्टिक वर आलेलं. ती एक, दोन, तीन पावलं चालत आत आली. टाच, मग बोटं. टाच, मग बोटं. फरफट नाही.

गेली होती म्हणजे!

डॉक्टरांनी तळहात धुऊन घेतला, काटा काढला, गरम पाण्यात हात धरायला लावला. मग लिहून दिलं, एक धनुर्वाताचं दंडात आणि एक दुखण्याचं कमरेत. त्या दिवशी आम्ही दोघी नर्स होतो. मी माझ्या जोडीदारणीला खुणावलं, तू दे. ती ट्रे घेऊन निघाली.

"ती नाय," मावशी म्हणाली. "ही."

बाकी काही नाही. माझ्याकडे बोट केलं आणि पडद्याआड गेली.

मी ट्रे घेतला. हात धुतले. औषधाचं नाव वाचलं, केसपेपर वाचला, पुन्हा नाव वाचलं. पडद्याआड गेले. मला वाटलं, ती खिडकीपाशी गज धरून उभी असेल. मी सांगायच्या तयारीतच होते, "मावशी, आडव्या व्हा, आणि लुगडं जरा..."

ती कॉटवर पालथी होती. दुखऱ्या हाताने कशी सोडली कोण जाणे, पण काष्टा सुटलेला होता, गाठ सुटलेली होती, कंबर उघडी होती.

"सोडलीय गाठ," ती उशीत तोंड घालून म्हणाली. "आता नीट बघ आन् टोच."

मी डावी बाजू घेतली. बोटांनी वरचं हाड चाचपलं. मनातल्या मनात एक उभी रेघ, एक आडवी. वरचा बाहेरचा चौकोन. बोळा फिरवला. आणि सुई हवेतच थांबली. दवाखान्यातल्या अकरा वर्षांत एकदाही थांबली नव्हती.

"काय झालं?"

"भीती वाटते, मावशी."

"वाटू दे," ती म्हणाली. "तवा नाय वाटली, म्हणून तर झालं."

मी दिली. हळू दाबलं, सुई काढली, बोळा धरला. "पायात वीज गेली? खरं सांगा. मुंग्या? काही?"

"नाय."

"बोटं हलवून दाखवा."

डाव्या पायाची पाचही बोटं हलली. मग उजव्या बुटाकडे बघून ती म्हणाली, "ह्याला नको सांगू, ह्याला आता आराम हाय," आणि फसकन हसली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं! माझा जीव भांड्यात पडला, आणि डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

तिला एका हाताने लुगडं नेसता येईना. मी एक टोक धरून उभी राहिले, ती फिरली, मी निऱ्या करून दिल्या, काष्टा मागे नेऊन खोचला. मला जमेना तशी ती शिव्या घालायला लागली. चांगला पाव तास गेला. बाहेर रांग खोळंबली होती आणि कुणीतरी ओरडलं, "सिस्टर, और कितना टाइम?"

"थांबा," मी आतून म्हणाले. "गाठ बांधायची राहिलीय अजून."